मडगार्डची भोकं अर्धा इंच चुकतात, तेव्हा आधी काय मोजायचं?

प्रश्न थोडक्यात असा. घरात वर्षानुवर्षं उभी असलेली आजोबांची १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप, उजव्या स्टिअरिंगची. तिच्यासाठी अमेरिकेतून रिप्रोडक्शन माल, म्हणजे जुन्याबरहुकूम नव्याने बनवलेले भाग, मागवला: पुढचे दोन मडगार्ड, दारांचे खालचे पत्रे, केबिनचे मागचे कोपरे, सिल (दाराखालची आडवी पट्टी), दोन्ही बाजूंचे फ्लोअर आणि रबरांचा संच. डाव्या बाजूचं सिल आणि कोपरा वेल्ड करून झालाय. आता डावं दार मागच्या बाजूला वर घासतं, मडगार्डची भोकं जवळपास अर्धा इंच चुकतात आणि रबर लावल्यावर दार लागतच नाही. डेंटर म्हणतो, माल टाकाऊ आहे, भोकं लांब करून बसवून देतो. करू द्यायचं का, की माल परत पाठवायचा?

दोन्ही नको. आठ दिवस ग्राइंडर कुलपात ठेवा आणि आधी गाडी मोजा. डेंटरवर माझा रोष नाही. रोज विमा कंपनीच्या गाड्या करणाऱ्या माणसाला कंपनीचा पत्रा आणला की बसतो, हाच अनुभव असतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या पिकअपवर तो हिशोब चालत नाही, आणि त्याचं कारण फक्त मालात नसतं.

रिप्रोडक्शन पत्रा कसा तयार होतो ते बघा. मूळ डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार द्यायचा साचा, बहुतेक वेळा शिल्लक नसते. बनवणारा एखादा जुना मडगार्ड आणतो, तो स्वच्छ करतो, त्यावरून डाय करतो. त्या नमुन्याला चाळीस वर्षांत कुठे ठोकर बसली असेल, तो कुठे थोडा उघडला असेल, तर तो दोष डायमध्ये उतरतो. वर डाय स्वस्तातली असेल तर कडा धारदार उठत नाहीत. जिथे मूळ पत्र्याला चिमटीत धरावी अशी घडी होती, तिथे नव्याला गोलाई येते. पाकिटावर जनरल मोटर्सच्या परवान्याचा शिक्का असला तरी तो नाव आणि चिन्ह वापरण्याचा परवाना आहे, तुमच्या गाडीवर बसण्याची हमी नाही.

पण दुसरी बाजूही आहे. १९५१ साली कारखान्यातून निघालेली पिकअपसुद्धा आपोआप बसलेली नव्हती. असेंब्ली लाइनवर माणसं वायसर घालत, बिजागरी ठोकत, दार गुडघ्याने दाबून वाकवत आणि मग फट जुळत असे. भोकं मुळातच बोल्टपेक्षा मोठी ठेवलेली असत ती त्यासाठीच. तुमची गाडी कदाचित अमेरिकेत जुळलेलीही नसेल. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत असेंब्लीचा कारखाना होता आणि परदेशातून पेट्यांतून आलेले सुटे भाग तिथे जोडले जात. आरसी बुक आणि जुनी कागदपत्रं घरात असतील तर तिथे काही धागा सापडेल. सांगायचं एवढंच, की मूळ गाडीच कुणीतरी हाताने जुळवलेली आहे. नवा पत्रा पेटीतून काढून थेट बसेल ही अपेक्षाच चुकीची.

आता तुमच्या तक्रारींकडे. दार मागच्या बाजूला वर घासतंय, ही खूण फार बोलकी आहे. बिजागरीची पिन झिजली असती तर दाराचा मागचा भाग खाली आला असता, म्हणजे घासलं असतं खाली आणि वर फट वाढली असती. तुमच्याकडे उलटं झालंय. याचा अर्थ दार जागेवर आहे आणि केबिनचं मागचं अंग खाली बसलंय, किंवा सिल बदलताना दाराची चौकटच कोनात गेलीय. या पिढीच्या शेवरोलेची केबिन मागच्या बाजूला शॅकलवर, म्हणजे पिनेवर हलणाऱ्या लोखंडी जोडांवर, टेकलेली असते. ते शॅकल, त्यांच्या पिना आणि पिनेभोवतीचे बुश यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही, कारण ते खाली, चिखलात असतात. पुढचे रबर पॅड तर बहुतेक गाड्यांत दगड झालेले किंवा चक्क नाहीसे झालेले असतात आणि केबिन चासीवर लोखंडाला लोखंड बसलेली असते.

तपासायची पद्धत सोपी आहे. दाराच्या कुलपाचा केबिनकडचा भाग, म्हणजे खांबावरची पट्टी, काढून ठेवा, नाहीतर ती दाराला ओढून खोटी फट दाखवते. रबरही काढा. दार नुसतं बिजागरीवर लटकू द्या. मग केबिनच्या डाव्या मागच्या कोपऱ्याखाली, मजबूत जागा बघून, लाकडी ठोकळा ठेवून जॅक हळूहळू वर घ्या आणि एक माणूस दाराच्या वरच्या फटीत डोळा लावून उभा करा. दोनचार मिलिमीटर उचलताच फट उघडली तर दोष शॅकलमध्ये आहे, दारात आणि मालात नाही. शॅकल दुरुस्त करा, पुढचे पॅड बदला आणि मगच पुढचं बघा. गंमत म्हणजे मडगार्डच्या भोकांचा अर्धा इंचही बहुधा याच ठिकाणी सापडेल. मडगार्डचा मागचा भाग केबिनच्या पुढच्या अंगाला बोल्ट होतो आणि पुढचा भाग रेडिएटरच्या चौकटीशी. रेडिएटरची चौकट चासीवर तिच्या जागी उभी आहे आणि केबिन रबराविना खाली बसलीय, तर दोन्हीकडची भोकं एकाच वेळी कशी जुळणार?

जॅक लावूनही फट हलली नाही तर शंका सिलवर. मीटर टेप घ्या आणि डाव्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. त्याच खुणांवरून उजवीकडचेही मोजा, कारण ती बाजू अजून कापलेली नाही आणि तीच तुमची मोजपट्टी आहे. दोन बाजूंत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर सिल बसवताना चौकटीत आडवा-तिरपा आधार वेल्ड केला नव्हता, असं समजा. डेंटरला विचारा, तो सांगेल. सिल हा केबिनचा तळाचा सांगाडा आहे. तो कापला की वरचं सगळं वजन दोन कुजक्या खांबांवर येतं आणि केबिन सावकाश बसते. डोळ्यांना दिसत नाही, दाराला लगेच कळतं. अशा वेळी दाराचा कोपरा घासून फट करणं हा सगळ्यात महागडा उपाय. वाईट वाटेल, पण सिलचे टाके ड्रिलने सोडवून, चौकट जॅकने किंवा टर्नबकलने जागेवर आणून, आधार टाकून पुन्हा बसवायचं. उजवी बाजू करताना २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा आधार आधी वेल्ड करा आणि दार लावून बघत बघतच नवं सिल टाका. दार हाच तुमचा गेज आहे. चासी मात्र या सगळ्याच्या आधी पाणसळीत आणून चार ठिकाणी पक्क्या स्टँडवर ठेवलेली हवी. हवा कमी झालेल्या टायरांवर उभ्या गाडीची मापं घेण्यात काही अर्थ नाही.

एवढं करूनही मडगार्ड चुकला तर मग मालाची परीक्षा. जुने मडगार्ड अजून आहेत ना? भंगारात दिले असतील तर आजच जाऊन परत आणा, कितीही सडलेले असोत. जुना मडगार्ड गाडीवर लटकवा. तो बसला आणि नवा बसला नाही तर दोष नव्यात. जुनाही बसला नाही तर गाडीत अजून काही राहिलंय. ही परीक्षा फुकट आहे आणि ती केल्याशिवाय माल विकणाऱ्याशी भांडायला जाऊ नका. तो पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि पत्र्याला ग्राइंडर लागला किंवा रंग लागला की बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत.

दोष नव्यातच निघाला, तर दोन्ही मडगार्ड शेजारी शेजारी पालथे ठेवा. एकच भोक पाया धरून त्यापासून बाकीच्या सगळ्या भोकांची अंतरं दोन्हीवर मोजा आणि खडूने तिथेच लिहा. बऱ्याचदा भोकं बरोबर असतात आणि आतली पट्टी, जिला बोल्ट लागतो ती, काटकोनाऐवजी उघडी राहिलेली असते. पट्टी उघडी राहिली की भोक सरकल्यासारखं दिसतं. अशा पट्टीला पत्र्याच्या रुंद चिमट्याने थोडं थोडं, एका टोकाकडून दुसरीकडे जात, आत घ्यायचं. एका जागी जोर लावलात तर वरच्या गोलाईवर लाट उठते, आणि ती लाट काळ्या प्रायमरवर दिसत नाही, चकचकीत रंग लागल्यावर दिसते. गोलाई तपासायला पुठ्ठ्याचा नमुना कापा: जुन्या मडगार्डच्या शाबूत भागावर पुठ्ठा उभा धरून त्याचा आकार घ्या आणि नव्यावर त्याच जागी ठेवा.

भोकं लांब करण्याबद्दल माझा नियम असा: तीन-चार मिलिमीटरपर्यंत हरकत नाही, वर जाड, मोठ्या व्यासाचा वायसर टाका. त्यापुढे भोक लांब करायचं नाही. मागून तांब्याची पट्टी धरून भोक वेल्डने बुजवा, घासा आणि योग्य जागी नवं पाडा. लांब केलेल्या भोकात बोल्ट कितीही आवळा, खडीच्या रस्त्यावर मडगार्ड सरकतो आणि केबिनच्या कडेवर रंग खरवडतो.

बोल्टवरून आठवलं. मूळ बोल्ट इंची, यूएनसी म्हणजे अमेरिकी मापाच्या आट्यांचे आहेत. आपल्याकडच्या जुन्या दुकानांत अजूनही व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, बोल्ट मिळतात आणि दुकानदार निरागसपणे ‘इंची आहे, घेऊन जा’ म्हणतो. पाच-सोळांश मापात दोन्हींना इंचाला १८ आटे, त्यामुळे बोल्ट आत जातो आणि बसल्यासारखा वाटतो. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. जोर लावला की केबिनमधला बंदिस्त, म्हणजे पत्र्यातच पक्का बसवलेला, नट खराब होतो, आणि तो नट बदलायचा म्हणजे पत्रा कापायचा. अर्ध्या इंचाच्या मापात मात्र व्हिटवर्थला १२ आणि यूएनसीला १३ आटे, तिथे बोल्ट दोन फेऱ्यांतच अडकून स्वतःच सांगतो. म्हणून लहान मापातच जास्त सांभाळा. एक यूएनसी टॅपचा (आटे पाडायच्या हत्याराचा) संच घ्या आणि बसवण्याआधी प्रत्येक बंदिस्त नटातून टॅप फिरवून गंज, जुना रंग काढून टाका.

बसवायचा क्रम हा: चासी, केबिन, दारं, मग रेडिएटरची चौकट, आतले एप्रन (मडगार्डच्या आतले पत्रे), मडगार्ड, बॉनेट, शेवटी जाळी. दारांच्या आधी मडगार्ड लावू नका. दाराच्या पुढच्या कडेवर मडगार्ड आणि बॉनेट जुळवायचे असतात, उलट नाही. रेडिएटरच्या चौकटीखालचे वायसर कमी-जास्त केले की बॉनेटची पुढची उंची आणि मडगार्डच्या वरची फट एकदम बदलते, तेव्हा बॉनेट वर-खाली दिसलं की आधी तिथे बघा, बिजागरीला नंतर हात लावा. सगळे बोल्ट बोटाने लावायचे, एकही पक्का आवळायचा नाही, जोवर पुढचं सगळं उभं राहत नाही. फट चार ते सहा मिलिमीटर धरा आणि ती सगळीकडे सारखी ठेवा. आजच्या मोटारीसारखी तीन मिलिमीटरची फट या गाडीला कधी नव्हती आणि शोभतही नाही. पायऱ्या, म्हणजे फूटबोर्ड, पुढच्या मडगार्डला आणि मागच्याही मडगार्डला जुळतात, म्हणून हौदा पुढे-मागे कुठे बसवायचा हे त्याच ठरवतात. हौदा आधी आवळून टाकलात तर पायरी कधीच बसणार नाही.

आता तुमच्या १९५१ बद्दल, कारण हे साल जरा त्रासाचं आहे. ही गाडी १९४७ ते १९५५ या पिढीतली. कॅटलॉगमध्ये बऱ्याच भागांपुढे ‘४७-५५’ किंवा ‘४७-५३’ असं लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. पण दारातली तिकोनी फिरती काच १९५१ मध्ये आली. बाहेरचं हँडल त्या वर्षी अजून खाली वळवायचं होतं, बटणाचं १९५२ मध्ये आलं. म्हणजे तिकोनी काच आणि वळवायचं हँडल एकत्र असलेलं दार एकाच वर्षाचं आहे. पूर्ण नवं दार मागवाल तर तुमचं हँडल बसणार नाही किंवा तुमची काच बसणार नाही. तुम्ही फक्त खालचे पत्रे मागवलेत हे फार चांगलं केलंत. सडतं तेवढंच, वरचा मूळ पत्रा ठेवा. ब्रेकचंही तसंच: अर्ध्या टनाच्या गाड्यांना १९५० पर्यंत हक पद्धतीचे ब्रेक होते, १९५१ पासून बेंडिक्स; दोन्ही ड्रम ब्रेकच, पण रचना वेगळी. हौद्याच्या फळ्या त्याच वर्षाच्या मध्यात नऊवरून आठ झाल्या. शॉक ॲब्सॉर्बर मात्र १९५० पासूनच नळीचे आहेत.

आरसी बुकवरच्या वर्षावर विसंबू नका, ते नोंदणीचं वर्ष असतं. पेटीतून येऊन, जोडून, विकून नोंद होईपर्यंत वेळ गेलेला असतो, आणि मधल्या मालकांनी कुणाचं दार कुणाला लावलं असेल सांगता येत नाही. मागवण्याआधी गाडीवरचा भाग बघायचा: ड्रम उघडून ब्रेक बघा, फळ्या मोजा, हँडलचा फोटो काढा. पुस्तकातलं वर्ष शेवटी.

उजव्या स्टिअरिंगचा मुद्दा यापेक्षा मोठा. अमेरिकेतला सगळा रिप्रोडक्शन माल डाव्या स्टिअरिंगसाठी असतो. तुम्ही मागवलेल्या फ्लोअरमध्ये पेडलची आणि मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकच्या मुख्य सिलिंडरच्या) झाकणाची जागा डावीकडे असेल. या गाडीत मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चासीला असतो. म्हणजे नव्या डाव्या फ्लोअरची भोकं बुजवायची आणि उजवीकडे कापायची, आणि कुठे कापायची याचं माप जुन्या उजव्या फ्लोअरवरच आहे. कितीही जाळी झाली असली तरी ते फ्लोअर कापताना अखंड काढा, प्लायवर ठेवून त्याचा नमुना घ्या, मगच टाका. डॅश, स्टिअरिंग कॉलम, पेडलची जोडणी, वायपरची जोडणी यातलं काहीही फेकू नका. वाकलेलं सरळ करता येतं, झिजलेलं भरता येतं, हरवलेलं मिळवणं मात्र अवघड. अगदीच लागलं तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या देशांत शोधा. तिथेही जनरल मोटर्सचे कारखाने होते आणि उजव्या स्टिअरिंगच्या शेवरोले चालत. तिथला जुना, वापरलेला भाग अमेरिकेतल्या नव्यापेक्षा तुमच्या कामाचा.

रबरांचं थोडक्यात. तुमचं दार रबर लावल्यावर लागत नाही, त्याचं अर्धं कारण वर सांगितलेली चौकट आहे. उरलेलं असं, की रिप्रोडक्शन रबर बरेचदा मूळच्यापेक्षा कडक आणि जाड येतं. आधी रबराशिवाय फट जुळवा. मग रबर चिकटवण्याआधी कागदी टेपने तात्पुरतं लावा आणि कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा. पट्टी ओढून बघा. सहज सुटली तर तिथे रबर टेकत नाही, फाटली तर तिथे जास्त दाबलं जातंय. असं चारी बाजूंनी करा. सगळीकडे सारखीच घट्ट असेल तर चिकटवा आणि दार आठवडाभर बंद ठेवा, रबर बसतं. फक्त बिजागरीच्या बाजूला घट्ट असेल तर दार कितीही दिवस बंद ठेवून उपयोग नाही. तिथे दार लागायच्या ऐवजी बिजागरी वाकवत राहतं. त्या कडेला पातळ रबर शोधा किंवा तेवढाच भाग तासून घ्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हौशी मंडळी ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणजे कारखान्याच्या मूळ, न वापरलेल्या मालाच्या मागे वेडी होतात. पत्र्यात आणि धातूच्या भागांत तो माल मिळाला तर सोनं. पण पन्नास-साठ वर्षं पाकिटात पडलेलं रबर नवं नसतं, फक्त न वापरलेलं असतं. फ्युएल पंपाचा पडदा, ब्रेकचे कप, होज या गोष्टी आजच्या बनावटीच्याच घ्या. त्यातही आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तेव्हा पडदा आणि होज इथेनॉल सोसणारे आहेत का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

पेट्रोलच्या टाकीवरून: १९४९ पासून टाकी सीटच्या मागे, केबिनमध्ये उभी असते. तिच्या तोंडाचं रबर आणि नळीचा जोड यांत काटकसर नको, गळती झाली तर वास थेट तुमच्या नाकात. सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग, नवा घेत असाल तर शून्य ते ३० ओहमचाच घ्या. पुढच्या काळातल्या शेवरोलेचा ९० ओहमचा बसतो छान, पण टाकी अर्धीही भरली नसताना काटा ‘पूर्ण’वर जाऊन बसतो. गाडी सहा व्होल्टची, निगेटिव्ह अर्थची (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला) आहे. बारा व्होल्ट करून घेतली असेल तर मीटर, बल्ब, हॉर्न मागवताना ते लिहून कळवा.

सगळंच बाहेरून आणायची गरज नाही, आणि पत्र्याचं वाहतूक भाडं वजनापेक्षा आकारमानावर लागतं हे तुम्हाला बिलावरून कळलंच असेल. पुढची काच या मॉडेलला दोन तुकड्यांत, सपाट आहे. पुठ्ठ्याचा नमुना देऊन लॅमिनेटेड काच इथे कापून मिळते. केबिनच्या मागच्या कोपऱ्यातल्या वळलेल्या काचा असतील तर त्या मात्र मागवाव्याच लागतील, त्यांना जपा. हौद्याच्या फळ्या आणि त्यांमधल्या लोखंडी पट्ट्या इथेच करा. पट्टी प्रेस ब्रेकवर वाकवून मिळते, एक जुना तुकडा नमुन्याला द्या. लाकूड मूळ पाइनचं आणि रंगवलेलं असे. वार्निश मारलेला चकाकता ओक ही आजच्या प्रदर्शनांची हौस आहे, हवी तर करा, पण मूळ म्हणून सांगू नका. शेवरोलेची अक्षरं उठवलेला मागचा फाळका मात्र रिप्रोडक्शनच घ्या, तशी डाय इथे कुणी एका फाळक्यासाठी करणार नाही. किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिचे, बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या भागातल्या कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे होतील. अट एकच: दाबून बसवल्यावर रीमर (भोक आतून मापात आणणारं हत्यार) मारायचा, एमरी पेपरने घासून पिन आत ढकलायची नाही.

नव्या पत्र्यावरचं काळं कोटिंग दोन प्रकारचं असतं. एक ईडीपी, म्हणजे विजेच्या साहाय्याने बसवलेलं प्रायमर. दुसरं फक्त प्रवासापुरतं मारलेलं काळं. कापसाच्या बोळ्याला थिनर लावून आतल्या बाजूला दोन मिनिटं घासा. बोळा काळा झाला तर ते प्रवासाचं, पूर्ण काढून टाका. बोळा स्वच्छ राहिला तर ते ठेवा, घासून खरखरीत करा आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर मारा. पत्र्याची जाडीही व्हर्नियरने बघा. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९. कोपरा ०.९ चा आणि शेजारचा जुना पत्रा १.२ चा असेल तर वेल्डचा करंट जाड बाजूवर धरून पातळ बाजूवर आणावा लागतो, नाहीतर भोक पडतं. पट्टीवर पट्टी चढवून वेल्ड करू देऊ नका, त्या खाचेत पाणी राहतं. कडेला कड लावा, इंच-दीड इंचावर टाके, एकदा इकडे एकदा तिकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. आणि रिप्रोडक्शन कोपरा मोठा येतो म्हणून तेवढा जुना पत्रा कापायचा नाही. सडलंय तिथून दोन इंच वर जा, बस्स. घट्ट जुना पत्रा कापून नवा लावणं म्हणजे चांगला दात उपटून कवळी बसवणं.

सिल बंद करण्याआधी आत जस्ताचं वेल्डिंग प्रायमर, रंगकाम झाल्यावर आत मेण, आणि खालची पाणी निघायची भोकं उघडी. लांबी (पुट्टी) भरताना पेंटर ती भोकं हमखास बुजवतात, त्यात काडी घालून ठेवा.

सगळं एकदा कोरडं बसवा. जाळी, दिवे, बंपर, पायऱ्या, फाळका, सगळं; फक्त काच सोडून. मग प्रत्येक वायसर कुठला कुठे होता ते चिकटपट्टीवर लिहून पिशवीत भरा, गाडी उघडा आणि रंगाला पाठवा. रंगानंतर पहिल्यांदा मडगार्ड लावून बघणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा रंग दोनदा होतो.

ब्रेकच्या भागांत तडजोड नको. व्हील सिलिंडरचा बोअर जुन्याशी मोजून बघा, होज बसल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो कुठे घासत नाही ना ते बघा, आणि शंका आली तर तो भाग परत करा, कितीही दिवस लागोत.

कागदांचं राहिलं. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंद मिळते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. त्याच आकाराचा नवा मडगार्ड हा बदल नाही, पण बारा व्होल्टपासून दुसऱ्या इंजिनापर्यंत गेलात तर प्रश्न विचारले जातील. तुमची पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असणार, तेव्हा रंगाला पाठवण्याआधी आरटीओत एकदा विचारून या. चासीवरचा नंबर रंगाखाली, लांबीखाली जाऊ देऊ नका. त्या जागेवर आधीच टेप लावून ठेवा आणि फोटो काढून ठेवा.

शॅकल उघडल्यावर काय निघालं ते कळवा, फोटोसह. पिनचं माप पाठवलंत तर बुश कुठल्या धातूचा करायचा ते सांगतो.